भांगेची भिंत

छिन्न्यांचा आवाज आधी येतो, डोंगर मागाहून दिसतो. तुम्ही येळगंगेच्या काठाने वर चढता आहात. आठवं शतक नुकतंच लागलंय किंवा लागायच्या बेतात आहे; नेमकं साल विचारावं तर सांगणारं कुणी नाही. वेरूळच्या या काळ्या कड्यावर आज जिथे बारा नंबरची पाटी आहे, तिथे अजून पाटी नाही, तिकीटखिडकी नाही. तीन मजली विहार मात्र वरून खाली कोरत डोंगराच्या पोटात उतरला आहे. पुढे लोक याला 'तीन ताल' म्हणणार आहेत.

अंगणात एक उथळ खड्डा आहे. त्यात माती भिजत पडली आहे आणि दोन माणसं पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून ती तुडवताहेत. काठावर एक बाई बसली आहे. तिच्यापुढे वाळलेल्या काड्यापानांचा ढीग, हातात विळा. मूठभर काड्या घ्यायच्या, बोटभर तुकडे करायचे आणि तुडवणाऱ्यांच्या पायांशी टाकायचे, असं तिचं सकाळपासून चाललंय. वाकून एक पान चुरगाळा आणि नाकाशी न्या. महाशिवरात्रीला थंडाईच्या लोट्यातून येतो तोच उग्र, हिरवा वास. भांग आहे ही.

तुम्ही दचकलात तरी त्या बाईला त्यात दचकण्यासारखं काही वाटत नाही. तिच्या लेखी ही गिलाव्यातली काडी आहे.

आता आत चला. छिन्नीने सोललेला बेसॉल्ट हाताला खरखरीत लागतो. पाथरवटांनी तो घासून गुळगुळीत केलेला नाही, कारण त्या खाचांतच चिखल धरून राहणार आहे. एक कारागीर चिखलाचा गोळा हातावर तोलतो आणि मनगटाच्या झटक्याने भिंतीवर मारतो. थप्प! मग तळव्याच्या फुगीर भागाने तो दाबत पसरत नेतो. तुम्हीही हात घाला, कुणी अडवणार नाही. नुसता चिखल असता तर बोटांतून निसटला असता. हा निसटत नाही. काड्या एकमेकींत अडकून गोळ्याला धरून ठेवतात, आणि वाळताना माती आक्रसून तडकू लागते तेव्हाही त्याच काड्या तिला फाटू देत नाहीत. आपल्या आज्या सारवणाच्या चिखलात गव्हाचा भुसा घालत आल्या, तो याचसाठी.

पण मग भुसाच का घातला नाही? तो तर खळ्यावर फुकट मिळतो.

याचं उत्तर पावसाळ्यात आहे. भिक्षू वर्षभर हिंडतात आणि पावसाचे महिने वर्षावासासाठी विहारात राहतात. म्हणजे लेणं सर्वांत ओलं असतं तेव्हाच ते माणसांनी भरलेलं असतं. डोंगरातून पाणी पाझरतं, श्वासांची वाफ छताला लागते, दिव्याभोवती किडे जमतात. अशा हवेत भिंतीतला भुसा म्हणजे किड्यांना वाढून ठेवलेलं ताट. भांगेच्या वाटेला ते सहसा जात नाहीत. आणि तिच्या सच्छिद्र काड्या ओल धरतात, हवा कोरडी झाली की सोडतात. त्या बाईने हे कुठे वाचलेलं नाही. तिच्या आधीच्या कुणीतरी किडलेला गिलावा पाहिला असणार, दुसरी काडी घालून बघितली असणार आणि ती टिकली असणार. हा माझा अंदाज आहे. पण बांधकामातलं बहुतेक ज्ञान याच वाटेने आलेलं आहे.

जागेवरून हलू नका. फक्त काळ पुढे जाऊ द्या. बाराशे-तेराशे पावसाळे याच भिंतीवरून जातात. भिक्षू जातात, शेजारी कैलास कोरला जातो, राष्ट्रकूट जातात, वटवाघळं येतात. २०१६ सालचा मार्च उजाडतो आणि 'करंट सायन्स' या नियतकालिकात दोन माणसांचा एक निबंध छापून येतो. एक पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेत काम केलेले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि दुसरे मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई. त्यांनी या बारा नंबरच्या लेण्यातल्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तंतूंची रासायनिक ओळख पटवली आणि जालन्याच्या व दिल्लीच्या परिसरातून आणलेल्या ताज्या झाडांशी त्यांची तुलना केली. मातीच्या गिलाव्यात जवळपास दहा टक्के भांग निघाली.

त्यांनी अजिंठ्याकडेही बोट दाखवलं. तिथल्या गिलाव्यातही वनस्पती आहेत, भाताचं तूस आहे, पण भांग नाही. अजिंठ्याच्या चित्रांचा चांगला चौथा हिस्सा किड्यांनी खराब केला. वेरूळला ती पाळी आली नाही. दोन्ही ठिकाणी डोंगर सह्याद्रीचाच, दगड बेसॉल्टच, पाऊसही तोच. मला या संशोधनातली ही तुलना सगळ्यांत मोलाची वाटते. नैसर्गिक साहित्य म्हटलं की ते आपोआप चांगलं, अशी भाबडी समजूत हल्ली फार पसरली आहे. भाताचं तूसही नैसर्गिकच होतं. भिंतीत कुठली काडी घातली, यावर सगळं ठरलं.

वाटेत देवगिरीला क्षणभर थांबा. बारावं शतक, यादवांची राजधानी. इथल्या चुन्याच्या गिलाव्यातही अभ्यासकांना भांगेचे तंतू सापडले आहेत. म्हणजे वेरूळची ती बाई काही एकटी नव्हती. चारेकशे वर्षांनंतर, अवघ्या काही कोसांवर, तीच काडी अजून कामात होती.

मग ती कुठे गेली? तिला आपण विसरून गेलो, आणि पुढे तिची आठवण झाली ती पार दुसऱ्याच मुलखात.

१९८६. फ्रान्सच्या शांपेन भागातलं नोजां-स्यूर-सेन गाव, सीन नदीच्या काठी. दमट गारवा अंगात शिरतो आहे, शाल घट्ट ओढून घ्या. समोर एक जुनं घर आहे, 'मेझाँ द ला त्यूर्क' नावाचं. त्याचा सांगाडा ओकच्या जाड खांबांचा आणि तिरक्या कैच्यांचा, आणि मधले गाळे भरलेले. जुन्या काळी ते पट्ट्यांवर माती-गवत लिंपून भरत. कोकणातला कुड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे घर परकं वाटणार नाही: खांब भार घेतात, कुड फक्त आडोसा करतो.

विसाव्या शतकात अशा घरांची डागडुजी लोकांनी सिमेंटने केली. पक्कं काम झालं म्हणून समाधान मानलं. इथल्या खांबाच्या कडेला, सिमेंट लाकडाला भिडतं तिथे, अंगठा दाबून बघा. ओक आत जातो, भुसभुशीत होऊन सुटतो. शेकडो वर्षं उभ्या राहिलेल्या खांबाची काही दशकांत ही गत झाली. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, मातीचा कुडही तेच करत होता. सिमेंटने ओलीची बाहेर पडायची वाट बुजवली आणि ती लाकडात कोंडून राहिली.

शार्ल रासेती नावाचा कारागीर या घरावर काम करतो आहे. त्याला गाळ्यात असं काही भरायचं आहे, जे लाकडाबरोबर थोडं हलेल, ओल जाऊ देईल आणि थंडी अडवेल. फ्रान्समध्ये हेम्पची शेती कधी पुरती बंद पडली नव्हती. हे भांगेच्याच जातीचं झाड, पण नशेचा अंश नगण्य असलेल्या वाणांचं. या ओब जिल्ह्यात ते पातळ, चिवट कागदाच्या धाग्यासाठी पिकतं. साल काढून घेतली की आतली पांढरट, हलकी काडी उरते, आणि ती जनावरांखाली अंथरायला जाते. रासेतीने ती घेतली, तिचे तुकडे चुन्यात कालवले आणि खांबांच्या मधे भरले. आज जगभर ज्याला हेम्पक्रीट म्हणतात त्याची सुरुवात या घरापासून मानतात.

घमेल्यातला तो माल हातात घेऊन बघा. दगड-विटांना सरावलेला हात फसतो, इतका तो हलका. वाळल्यावर याचा एक घनमीटर साधारण तीनशे-चारशे किलो भरतो. काँक्रीटचा तेवढाच ठोकळा चोवीसशेच्या आसपास. हलकेपण येतं ते काडीतल्या आणि काड्यांमधल्या हवेमुळे, आणि हीच हवा उन्हाळ्यात ऊन आणि हिवाळ्यात थंडी अडवते. चुना काडीला कुजू देत नाही, कीड लागू देत नाही, आगीतही भडकू देत नाही. शिवाय चुना भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून थोडाथोडा परत घेत घट्ट होत राहतो. सिमेंटच्या भट्टीला साडेचौदाशे अंशांची आच लागते, चुन्याचं नऊशेच्या आसपास भागतं. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, हे लक्षात घेतलं की रासेतीच्या घमेल्याचं मोल कळतं.

पुढे इंग्रजांनी २००१ च्या सुमारास सफक परगण्यातल्या हॅवरहिल गावी याची परीक्षाच घेतली. शेजारीशेजारी विटांची दोन आणि हेम्पची दोन घरं बांधली आणि मोजमापं घेतली. तेवढ्याच इंधनात हेम्पची घरं एक-दोन अंश जास्त उबदार राहिली. मात्र बांधायला ती महाग पडली, हेही त्या अहवालाने सांगितलं.

आता परत आपल्याकडे. मराठवाडा, औसा तालुका, वैशाखाची दुपार, वर्ष १९६० च्या आगेमागे. पायाखालचा फुफाटा चटके देतो आहे. दारातून म्हातारी हाक मारते, "पावणं, उन्हाचं कुठं हिंडायलाव? आत या की, पाणी घ्या." उंबरा ओलांडला की डोळ्यांपुढे काळोख येतो आणि अंगावर गारवा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर माळवद: तुळया, त्यांवर लाकडी सरे, फळ्या, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेरच्या झळा इथवर पोचतच नाहीत. तांब्यातलं पाणी घशाखाली उतरतं तोवर घामही सुकतो.

"लई गार आहे घर," तुम्ही म्हणता.

"माळवदाचं हाय न्हवं," म्हातारी म्हणते. "पर गळतंय. मिरगाच्या आधी माती टाकाय पायजे."

वर जाऊन बघाच. तिचा मुलगा टोपल्यांनी पांढरी माती टाकून चोपतो आहे. गेल्या वर्षीच्या थरावर यंदाचा थर, त्याच्या खाली त्याच्या बापाने टाकलेला, त्याखाली आजाचा. जुनी माती कुणी काढत नाही. फूट-दोन फूट माती अशी डोक्यावर साचली आहे. खाली उतरून भिंतीही नीट बघा. आतून एक दगडी पडदा, बाहेरून एक, मधे दगडगोट्यांची भर, आणि सगळं चिखलात बसवलेलं. दोन्ही पडद्यांना एकत्र बांधणारा आरपार दगड शोधा. बहुतेक भिंतींत तो सापडणार नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपतीचं विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. भिंतींचे दोन पडदे सुटे होऊन आतबाहेर फाकले आणि वर्षानुवर्षं साचलेली माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर-उस्मानाबादच्या गावांमधली सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तुम्हाला त्या रात्री तिथे उभं करणार नाही.

सकाळी मात्र चला, कारण एक गोष्ट पाहायलाच हवी. पडलेल्या घरांमधे काही घरांचे खण उभे आहेत. भिंती ढासळल्या, पण जिथे लाकडी खांब आणि तुळया नीट सांधून छताचा भार त्यांच्यावर घेतला होता, तिथे भिंत बाहेर पडली आणि माळवद वर राहिलं. पाहणी करायला आलेल्या अभियंत्यांनी हे नोंदवून ठेवलं. गावांनी मात्र वेगळा धडा घेतला: दगडमातीने घात केला, आता सिमेंट आणि स्लॅबच हवा. ज्यांनी घरची माणसं ढिगाऱ्यातून काढली त्यांच्याशी वाद घालायचा अधिकार कुणालाच नाही. तरी तीस वर्षांनंतर, वैशाखात भट्टीसारख्या तापणाऱ्या पत्र्याखाली आणि स्लॅबखाली मुलांना झोपलेलं पाहिलं की वाटतं, मातीसोबत तो उभा राहिलेला खणही आपण टाकून दिला.

भूकंपाचा धक्का घराच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. जड घराला जास्त, हलक्या घराला कमी. भार लाकडाच्या सांगाड्यावर, डोक्यावर वजन कमी आणि गाळ्यात ओल सोडणारी हलकी भर, हे गणित नोजांमधल्या त्या घराने मांडलं. किल्लारीतल्या उभ्या खणांनी त्याचा अर्धा भाग आपल्याच भाषेत सांगितला होता. उरलेला अर्धा, म्हणजे गाळ्यात काय भरायचं ते, वेरूळच्या गिलाव्यात होतं. या तिन्ही गोष्टी एका जागी ठेवून पाहायचं काम आपल्याकडे व्हायला हवं होतं.

ते आधी झालं गढवालात. २०२१, पौडी जिल्ह्यातलं यमकेश्वर. डोंगरउतारावर हेम्प, चुना आणि लाकडाचं घर उभं राहतं आहे. या पहाडांत भांग बांधांवर आपसूक उगवते. तिच्या धाग्यांचे दोर वळले जातात, बियांची चटणी रोजच्या जेवणात असते. उत्तराखंडने २०१८ मधे परवाना घेऊन हेम्पची शेती करायला वाट मोकळी केली, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात धाग्यासाठी आणि बियांसाठी अशी परवानगी द्यायची सोय मुळातच होती, राज्यांनी ती वापरली नव्हती.

बाह्या वर करा, काम शिकून घ्या. दगडी जोतं जमिनीपासून चांगलं वर आहे, कारण ही भिंत थेट मातीला टेकली तर खालून ओल ओढत राहील. लाकडी सांगाडा आधीच उभा आहे. छप्पर तोच पेलणार. खांबांच्या दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून साचा केला आहे. काडीचे तुकडे, चुना आणि पाणी कालवून घ्या. मूठ दाबून बघा: गोळा बनला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. आता तो साच्यात टाका, कडेकडेने दाबा, मधे हलक्या हाताने. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. गवंडीकामाची सवय असलेला हात ठासून भरायला जातो आणि जी हवा हवी तीच बाहेर घालवतो. थर भरला, माल आवळला की साचा काढायचा आणि वर सरकवायचा. उघड्या भिंतीत काड्या स्पष्ट दिसतात, चुन्याने पांढऱ्या झालेल्या. लगेच गिलावा करायचा नाही. आठवड्यांमागून आठवडे तिला वाळू द्यायचं, घाई केली तर आतली ओल आतच राहते. मग चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, आणि पावसाचा मारा चुकवणारी लांब वळचण.

हे घर स्वस्त नाही. झाडाची साल आणि काडी वेगळी करणारी यंत्रं आपल्याकडे मोजकी आहेत, माल लांबून आणावा लागतो, चुन्याचं काम जाणणारे गवंडी म्हातारे झाले आहेत. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांतली एकही निसर्गाने घातलेली नाही.

तुमची सफर इथे संपते; घर बांधायचं बाकी असेल तर पुढचं तुमच्या हातात आहे. परवान्याशिवाय भांग लावायच्या भानगडीत पडू नका, तो गुन्हा आहे. पण चुना मिळतो, बांबू मिळतो, शेताच्या बांधावर तुरीच्या काड्या दर वर्षी पेटवल्या जातात. तुमच्या भागात चुन्याचं काम केलेला एखादा गवंडी किंवा खणाचं घर सांधलेला सुतार अजून असेल, तर आधी त्याला गाठा. आणि नकाशा कुणीही काढून देवो, पायाची कुदळ मारण्यापूर्वी त्याला दोनच प्रश्न विचारा: छताचा भार कोण घेणार, आणि भिंतीतली ओल कुठून बाहेर जाणार? दोन्हींची नीट उत्तरं मिळेपर्यंत सिमेंटचं एकही पोतं उतरवून घेऊ नका.